आईबाबांकडून आलेलं ऑडिओचं वेड: तुमच्याकडे कुठून आलं?

भाचा आला होता, त्याने नवीन ब्लूटूथ स्पीकर लावून दाखवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छान आहे रे, पण दुसरा चॅनल कुठेय?" बायको आतून म्हणाली, झालं, मामंजी बोलले.

तर धागा त्यावरून. आमचे बाबा एमएसईबीत होते, पगार बेताचा, आणि घरात सोनोडाईनची सिस्टिम आली तेव्हा फ्रिज नव्हता, यावरून आजही आई ऐकवते. एलपीची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं, तेवढ्यात कुणी उठायचं नाही, भांडी वाजवायची नाहीत, पाहुणे आले तरी हाताने बसा अशी खूण. तेव्हा वैताग यायचा, आता माझ्याकडे व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप आहे आणि मी पोरांना तेच करतो.

तुमच्याकडे हे कुणाकडून आलं, काय काय आलं, कुठल्या सवयी चिकटल्या ते लिहा. किमती लिहू नका प्लीज, घरचे वाचतात.

पेटीवाली

आमच्याकडे हे आईकडून आलं. ती गाण्याच्या शिकवण्या घ्यायची आणि घरात आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. मामा अमेरिकेहून कायमचा परत आला तेव्हा एआर कंपनीचं टर्नटेबल घेऊन आला, सोबत ११० व्होल्टचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. सगळं जोडलं, बाबा खूश, मामा खूश, आवाज कसला भरदार येतोय म्हणून एकमेकांना टाळ्या देतायत, आणि आई उठून पेटी घेऊन आली. दोन सूर वाजवले आणि म्हणाली, ह्या बाई काळी पाचात गातात, आज पांढरी पाचात का गातायत? मामा म्हणाला, अगं ताई, भारी मशीन आहे, त्यात खर्ज जास्त ऐकू येतो. आई म्हणाली, खर्ज नाही रे, पट्टीच उतरलीये.

आणि बरोबर होतं तिचं. त्या मशीनची मोटर लाइनच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते, अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी प्लेट जेमतेम २८ ने फिरत होती, आणि तेवढ्याने काळी पाचाची बरोब्बर पांढरी पाच होते, पेटीवर तीन पट्ट्या मोजून बघा. लय पण त्याच हिशोबात पडलेली पण विलंबित चालू होतं, कुणाला कळणार! मग बाबांनी भोसरीत एका लेथवाल्याला गाठून मोटरची पुली १.२ पट जाड, पितळेची करून घेतली. पुली बसवल्यावर मामा म्हणाला वेग मोजायला काहीतरी हवं ना, तर आईने परत पेटी ओढली.

मी आता डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट प्लेट फिरवते ते) वापरते, त्यात क्वार्ट्झ लॉक आहे, वेग हलायचा प्रश्नच नाही. तरी नवीन एलपी आली की पहिल्यांदा पेटीवर सूर लावून बघते. नवरा म्हणतो, त्याला वेग दाखवणारा स्ट्रोब दिवा आहे की. असू दे.

आता_सॅन_होजे

पेटीवाली, अप्रतिम. आमचं उलटं, आमच्याकडे कान नव्हता, सोल्डरिंग आयर्न होतं. बाबा रेल्वेत, डोंबिवलीत दोन खोल्या, महिन्याला एक फेरी लॅमिंग्टन रोडला ठरलेली. टूएन३०५५ ट्रान्झिस्टरचे अँप त्यांनी स्वतः बनवले, नातेवाइकांना पण बनवून दिले, हीटसिंकवर हात ठेवून "तापतोय, पण मरणार नाही" हे त्यांचं टेस्टिंग. खोली एवढीशी, स्पीकर कोपऱ्यात, त्यामुळे बास नुसता घुमायचा. मग त्यांनी कपाट सरकवलं, पलंग फिरवला, भिंतीवर आजीची गोधडी टांगली. आई म्हणायची, पाहुण्यांना काय सांगू, भिंतीला थंडी वाजते म्हणून?

इथे माझी वेगळी खोली आहे, अकूस्टिक पॅनल आहेत, मायक्रोफोन लावून ग्राफ काढलेत. बाबा आले, बसले, अर्धी एलपी ऐकली आणि काही न बोलता उठून डावा स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मी ग्राफ दाखवला तर म्हणाले, हो हो, छान आलाय ग्राफ. ते झोपल्यावर परत मोजलं. साठ हर्ट्झच्या आसपासचा बासचा उंचवटा बराच खाली आला होता. त्यांना सांगितलं नाही अजून.

हेडफोन_पुरे

माझा अनुभव धाग्याच्या विरुद्ध आहे पण लिहितो. आमच्या वडिलांच्या डेकला हात लावायची बंदी होती, कॅसेटसुद्धा त्यांनीच घालायची आणि त्यांनीच काढायची, टीडीकेच्या मेटल टेपच्या वेगळ्या, क्रोम टेपच्या वेगळ्या, कुठली कुठे ठेवली यावरून घरात अबोला व्हायचा. त्यामुळे मी ठरवून या भानगडीत पडलो नाही, फोनवर ऐकतो, मजेत आहे. फक्त एकदा नवीन गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी वाटलं की व्हायोलिन चुकीच्या बाजूला बसलेत. शोरूमवाला ऐकेना. उघडलं तर डाव्याउजव्या वायरी खरंच उलट्या होत्या. आजवर कुणी तक्रार केली नव्हती म्हणे.

रत्नांग्रीकर

हेडफोन पुरे, तुम्ही पण आमच्यातलेच, कबूल करा नाहीतर नका करू.

कोकणात वेड जपायचं म्हणजे दमटपणाशी भांडण. वडील बँकेत, दर बदलीला प्लेटींच्या पेट्या ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायच्या आणि सगळ्यात आधी उतरायच्या. पावसाळ्यात कव्हरला बुरशी, स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम तर हात लावला की भुगा. कोन शाबूत असेल तर स्पीकर टाकू नका, फोमची कडा नवी चिकटवून मिळते, मी रबराची बसवून घेतली, ती जास्त टिकते. वडिलांचे नियम मी तसेच चालवतो. प्लेटी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत, वाकतात. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, लेबलला पाणी नाही.

हेडफोन_पुरे

बरं विचारायचं राहिलं. वडिलांच्या खोक्यांत आजोबांच्या जाडजूड काळ्या प्लेटी निघाल्यात, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या). प्रचंड धूळ आहे. स्पिरिटने पुसल्या तर चालेल का?

रत्नांग्रीकर

अहो नको! त्या लाखेच्या, स्पिरिटमध्ये लाख विरघळते, फर्निचरचं पॉलिश तसंच करतात ना. ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं. आणि एलपीची सुई त्याच्यावर लावू नका, ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद, बारीक सुई तळाशी लोळते आणि नुसती खरखर येते. ७८ चा वेगळा स्टायलस (सुई) मिळतो, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) कुठलं आहे त्यावर बघा. मशीनला ७८ चा वेग आहे का तेही बघा, बऱ्याच नव्यांना नसतो.

हेडफोन_पुरे

मशीन नाहीये माझ्याकडे. म्हणजे अजून नाहीये. पुण्यात जुनी, ७८ चालणारी कुठे बघायला मिळतील? नुसतं विचारतोय.

पेटीवाली

व्यनि (खासगी निरोप) केलाय. येताना प्लेटी घेऊन या, पेटी आहे इथे.