केओएचमध्ये बुरशी स्पष्ट दिसते, कल्चर मात्र कोरं. मदत हवी आहे

नमस्कार. मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बुरशीचं बेंच माझ्याकडे येऊन चारच महिने झालेत. एका ठिकाणी पुरती अडले आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

मागच्या काही आठवड्यांत सायनसच्या बायोप्सीचे तीन नमुने आले. तिन्ही वेळा केओएच माउंटमध्ये (नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्लाइड) हायफी (बुरशीचे धागे) दिसल्या. रुंद, रिबिनीसारख्या, मध्येच दुमडलेल्या, आडवे पडदे जवळजवळ नाहीतच, आणि फांदी फुटते तिथे काटकोनाच्या आसपास. ॲस्परजिलसच्या बारीक, पडदेवाल्या, 45 अंशांत फुटणाऱ्या हायफी मी नेहमी पाहते, त्यामुळे दोन्हींत गल्लत झाली असं वाटत नाही. सरांनीही स्लाइड पाहिली. म्यूकोरेलीज (म्यूकर, म्हणजे 'काळी बुरशी' आजाराचा गट) असल्याची शंका वॉर्डला लगेच फोनवर कळवली.

पण कल्चर तिन्ही वेळा कोरं!

नमुना सलाइनमध्ये आलाय, फॉर्मलिनमध्ये नाही, हे मी स्वतः बघून घेते. मग निर्जंतुक खलात बारीक वाटते आणि एसडीएच्या (बुरशी वाढवायचं आगर) दोन बाटल्यांवर लावते, एक 25 अंशांना, एक 37 ला. चार आठवडे ठेवते. आमच्याकडे त्वचा आणि नखांचेच नमुने जास्त, म्हणून एसडीए क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखणारं) आणि सायक्लोहेक्सिमाइड (नको असलेल्या बुरशा रोखणारं) घातलेलंच बनवतात.

परवा एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "वाढ नाही म्हणजे बुरशी नव्हतीच का?" त्या प्रश्नाने झोप उडाली आहे. माझ्या रिपोर्टमुळे कुणाचं औषध थांबलं तर? कुठे चुकतंय, आणि रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रतिसाद:
ताई, आधी तो खल बाजूला ठेवा. म्यूकोरेलीजची हायफा म्हणजे एक लांबच लांब नळी. पडदे नसल्यासारखेच, त्यामुळे एका जागी फुटली की आतलं सगळं वाहून जातं आणि तो धागा मरतो. ॲस्परजिलसचं एक घर फुटलं तरी पडद्यापलीकडची घरं जगतात, म्हणून वाटल्यावरही तो उगवतो. निर्जंतुक ब्लेडने एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करा आणि तेच लावा. वाटायचं ते हिस्टोप्लाझ्माची शंका असेल तेव्हा, कारण ते यीस्ट रुग्णाच्या पेशींच्या आत दडलेलं असतं. म्हणून डॉक्टरांना कशाची शंका आहे, हे फॉर्मवर लिहून घ्याच.

दुसरं, सायक्लोहेक्सिमाइड. डर्मॅटोफाइट (त्वचा-नखांच्या बुरशा) त्यात मजेत वाढतात, पण म्यूकोरेलीज, क्रिप्टोकॉकस आणि बऱ्याच ॲस्परजिलस दबतात. अशा नमुन्याला फक्त क्लोरॅम्फेनिकॉलवालं एसडीए हवंच. नमुना फ्रिजमध्येही ठेवू नका. सगळं जमलं तर दोन-तीन दिवसांत राखाडी कापूस झाकणाला टेकतो.

आता रिपोर्ट. सगळं बरोबर करूनही म्यूकरचं कल्चर अनेकदा येत नाही. तेव्हा "वाढ नाही" एवढंच कधीही सोडू नका. केओएचचा निष्कर्ष वर ठळक लिहा आणि खाली "कल्चर निगेटिव्ह आल्याने संसर्ग नाही असं ठरत नाही, हिस्टोपॅथॉलॉजीशी पडताळून पाहावे" हे वाक्य टाका. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन (बुरशीचे अंश रक्तात शोधणाऱ्या चाचण्या) म्यूकरमध्ये निगेटिव्हच येतात, हेही फोनवर सांगा. त्या निगेटिव्हवर विसंबून औषध थांबायला नको.

धागाकर्ती:
मनापासून आभार. दुसरा नमुना शनिवारी संध्याकाळी आला होता आणि सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये होता, हे आत्ता रजिस्टरमध्ये सापडलं. त्या डॉक्टरांना मघाशीच फोन केला, औषध चालू आहे. तिन्ही रिपोर्टना पुरवणी लिहून सरांच्या सहीला ठेवली. आज नवा नमुना आलाय, ब्लेड काढून ठेवलं आहे. तुकडे आगरवर नुसते ठेवायचे की आत खुपसायचे?

प्रतिसाद:
अर्धे रुतवा, अर्धे वर राहू द्या. आणि थोडा तुकडा केओएचसाठी आधीच बाजूला काढा.