झुंज लावणाऱ्याला दंड ५० रुपये. एवढ्यात भागतं का?

तांबडी माती: सिंधुदुर्गात आमच्याकडे भातकापणी झाली की मळ्यात पहाटे बैलांची झुंज लागते. जागा आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कळते. गेल्या महिन्यात पाहिली. काचेने तासलेलं शिंग समोरच्या बैलाच्या डोळ्यात गेलं. तो मागे फिरला, तर पैजेपायी त्याला शेपूट पिरगाळून परत पुढे लोटलं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आयोजक आत गेलेच पाहिजेत.

नांगरगडी: माझ्या घरी दोन बैल आहेत, स्वतः उपाशी राहून त्यांना घातलंय. ट्रॅक्टर आल्यावर गावात बैल उरलाय तो या नादामुळेच. बैलगाडा शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवला. झुंजीलाही नियम घाला, जनावरांचा डॉक्टर उभा करा. खटल्याच्या भीतीने आज जखमी बैलासाठी डॉक्टरला बोलवायचीही चोरी झालीय.

तांबडी माती: शर्यतीत बैल धावतो, झुंजीत एकाने दुसऱ्याला फोडायचंच असतं. त्याला नियम कसले लावणार? गोव्यात १९९६ मध्ये धीरयो, म्हणजे तिथली बैलांची झुंज, बघायला आलेला माणूस मेला, त्यानंतर उच्च न्यायालयाने बंदी घातली. तरी चोरून चालूच आहे.

काळा कोट: वकील म्हणून सांगतो, दंड वाढायलाच हवा, पण केस त्याआधीच मरते. झुंजीसाठी जागा देणं, तिथे व्यवस्था बघणं, प्रवेशाचे पैसे घेणं हा दखलपात्र गुन्हा आहे, वॉरंटशिवाय अटक होते. नुसतं जनावराला झुंजायला लावणं मात्र अदखलपात्र. तक्रारीत नुसतं झुंजवल्याचं लिहिलं की पोलीस हात झटकतात. शिवाय या कायद्याखाली ३ महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर संपलं. बैल कायमचा अधू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. त्याला पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि तोच कुणी घेत नाही.

नांगरगडी: आणि बैल जप्त करून कुठे नेणार? कोंडवाड्यात मरायला?

काळा कोट: २०१७च्या नियमांप्रमाणे दंडाधिकारी त्याला पांजरपोळात, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेत, पाठवू शकतात, खर्च मालकाकडून. पांजरपोळ भरलेले असतात, हे तुमचं खरं आहे. तांबडी माती, त्या बैलाचा डोळा गेला का?

तांबडी माती: गेला. काल बघून आलो, हळद भरून गोठ्यात बांधलाय. माशा बसतात.

काळा कोट: मग आजच पशुवैद्यकाला घेऊन जा. दाखला हातात आला की तक्रार मी लिहून देतो.

नांगरगडी: डॉक्टरला न्या, त्याला माझी ना नाही. पण तक्रारीत पहिलं नाव पैज लावणाऱ्याचं घाला.