मदत हवी आहे: पेशंट खरं विचारतो, नातेवाईक सांगू देत नाहीत

नमस्कार. मी कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे, ९ वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव राहू दे.

सात नंबरच्या बेडवरचे काका. पोटाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं, "सिस्टर, बाबांना अल्सर आहे एवढंच माहितीये." परवा केमो लावताना काकांनी माझं मनगट धरलं. "पोरी, अल्सरच्या औषधाने केस जातात का गं?" मी मान खाली घालून सलाईनचे थेंब मोजत राहिले. घरी आल्यावर घास उतरला नाही. मुलगा वाईट नाही हो, दारामागे जाऊन रडतो.

त्यात मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचं, वेगळंच. २०१४ साली एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा बदलून परवान्यांची कटकट कमी झाली, पण रात्री डॉक्टरांना फोन केला की अजून "सवय लागेल, सकाळी बघू" हेच ऐकते. सकाळपर्यंत कण्हणं मी ऐकायचं.

याला 'मॉरल डिस्ट्रेस' म्हणतात, तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये दिलेलं नाव. योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही. नाव कळून झोप लागत नाही, ते सोडा.

मेट्रन म्हणतात, मनावर घेऊ नकोस. तुमच्याकडे अशा घरच्यांशी कोण बोलतं: डॉक्टर, समुपदेशक, की पॅलिएटिव्हची (वेदना, त्रास कमी करणारी) टीम? आणि पेशंटने थेट विचारलं तर तुम्ही नेमकं कोणतं वाक्य बोलता? काकांची केमोची पुढची सायकल सोमवारी आहे.