रोज वाजवाच, पण आर्द्रता सांभाळा
महाग अकूस्टिक गिटार रोज वाजवावी की जपून ठेवावी, असं एकाने विचारलंय. माझं मत ठाम आहे: रोज वाजवा. फक्त केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा. पूर्ण सॉलिड लाकडाची (प्लायवूड नसलेली) गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते. हवा कोरडी झाली की वरची, म्हणजे तारांखालची फळी आकसून खचते, तारा फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरतात, फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. तेव्हाही दुर्लक्ष केलं तर फळीला तडा जाऊ शकतो. दमट हवेत उलट, फळी फुगते आणि तारा उंच होतात.

माझ्या गिटारची फळी सीडर या लाकडाची आहे. हलक्या बोटांनाही ती लगेच बोलते, म्हणून तर घेतली! जोरात स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) करणार असाल तर मात्र स्प्रूस लाकडाची फळी बघा. आणि नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेकची, म्हणजे मानेची रुंदी मोजा. फिंगरस्टाइलसाठी (बोटांनी तारा छेडून वाजवण्यासाठी) मला ४४ मिमीपेक्षा कमी चालत नाही.