लढाऊ वैमानिक मुदतीआधी राखीव दलात गेला, तर नुकसान कोणाचे?

नभांगण (धागालेखक)

अमेरिकेच्या हवाई दलात ‘पॅलेस चेस’ नावाची एक जुनी योजना आहे. नियमित सेवेची बांधिलकी पुरी होण्याआधीच बाहेर पडायचे आणि उरलेली सेवा एअर नॅशनल गार्डमध्ये (राज्यांशी जोडलेले राखीव हवाई दल) किंवा एअर फोर्स रिझर्व्हमध्ये (केंद्राचे राखीव हवाई दल) बहुधा नागरी नोकरी सांभाळत अर्धवेळ करायची, अशी मुभा ती देते. पारंपरिक नियम असा की, अधिकाऱ्याची जितकी नियमित सेवा उरली असेल तिच्या तिप्पट काळ त्याने राखीव दलात काढावा. हा कोणाचा हक्क नव्हे. हवाई दलाला गरज असेल तर अर्ज नामंजूर होतो आणि वैमानिकांच्या बाबतीत तो सहजासहजी मंजूर होत नाही. वैमानिकाची बांधिलकी प्रशिक्षण पुरे झाल्यापासून १० वर्षांची असते. त्यामुळे पदवी घेऊन दलात आलेला तरुण मोकळा होतो तेव्हा त्याने तिशी ओलांडलेली असते, घरी बहुधा शाळेत जाणारी मुले असतात आणि पुढची बदली डोक्यावर असते.

अशा वेळी जो राखीव दलाकडे वळतो त्याला सर्रास ‘पळपुटा’ ठरवले जाते. माझे मत उलट आहे. २०१९ मध्ये रँड या संशोधन संस्थेने काढलेल्या हिशेबानुसार एफ-१६ चा एक वैमानिक प्राथमिक पात्रतेपर्यंत तयार करायला सुमारे ५६ लाख डॉलर लागतात आणि एफ-२२ चा वैमानिक तयार करायला १ कोटी ९ लाख. हा माणूस सरळ विमान कंपनीत गेला तर ही सगळी गुंतवणूक देशाच्या संरक्षणातून वजा होते. राखीव दलात गेला तर तो तेच विमान, त्याच पात्रतेने, युद्धाला हाक येईल तेव्हा उडवू शकतो. शिवाय, तो उड्डाणाला कंटाळून जात नाही. त्याला नको असते ते मुख्यालयातले टेबल, अहवाल, सादरीकरणे आणि दर काही वर्षांनी उचलावे लागणारे बिऱ्हाड. गार्डमधला वैमानिक एकाच तळावर पंधरा-वीस वर्षे काढतो, त्यामुळे त्याचे उड्डाणाचे तास आणि आपल्या विमानाची जाण अनेकदा नियमित दलातल्या समवयस्कापेक्षा जास्त असते. ११ सप्टेंबर २००१ रोजी ओटिस तळावरून सर्वांत आधी झेपावलेली एफ-१५ विमाने मॅसॅच्युसेट्सच्या गार्डचीच होती, हे इथे आठवावे.

स्पष्टवक्ता

आपण पैशांचा हिशेब मांडलात, पण तो चुकीच्या वस्तूचा आहे. हवाई दलाला वैमानिक हवे आहेत हे खरे. २०१७-१८ मध्ये तूट सुमारे २,००० असल्याचे दलानेच सांगितले होते. पण ही तूट कोणत्या पायरीवर आहे ते पाहा. नवे उमेदवार रांगेत उभे आहेत. कमतरता आहे ती त्यांना घडवणाऱ्यांची.

एखाद्या एफ-१६ स्क्वॉड्रनमधली (लढाऊ विमानांच्या तुकडीतली) सकाळ डोळ्यांसमोर आणा. चार विमानांचा गट उडणार आहे. त्यातले दोघे प्रशिक्षण शाळेतून नुकतेच आलेले, तिसरा नेतृत्व शिकतो आहे आणि चौथा प्रशिक्षक आहे. उड्डाण जेमतेम सव्वा तासाचे, पण उतरल्यावर बंद खोलीत ध्वनिफीत आणि पडद्यावरच्या नोंदी लावून जी चिरफाड चालते, ती त्याहून कितीतरी लांब असते. क्षेपणास्त्र कोणत्या क्षणी सोडले, त्या क्षणी रडार कुठे पाहत होते, कोणाचे बोलणे कोणावर आदळले, हे सगळे एकेक सेकंद मागे नेऊन तपासले जाते आणि तिथेच नवखा खरा लढवय्या वैमानिक होतो. ती खोली चालवणारा माणूस म्हणजे दहा-अकरा वर्षे सेवा झालेला कॅप्टन किंवा मेजर, म्हणजे नेमका पॅलेस चेसचा अर्ज घेऊन उभा असलेला माणूस. तो गेला की उरलेल्या प्रशिक्षकांवर दुप्पट नवखे येतात, प्रत्येक नवख्याच्या वाट्याला चांगली उड्डाणे कमी येतात, त्याला अनुभवी म्हणवून घ्यायला जास्त महिने लागतात आणि तोवर आणखी एक प्रशिक्षक कंटाळून निघतो. अनुभवी आणि नवखे यांचे प्रमाण एकदा बिघडले की भरती वाढवून ते सुधारत नाही, उलट आणखी बिघडते.

राखीव दलात गेलेला तो मेजर युद्धाच्या दिवशी उपलब्ध असेल, मान्य. पण मंगळवारी सकाळी त्या खोलीत तो नसतो. आणि ‘पळपुटा’ हा शब्द मीही वापरणार नाही. मात्र १० वर्षांचा करार त्याने डोळे उघडे ठेवून केलेला असतो, हेही विसरू नये.

डॅलसकर

अमेरिकेत राहतो आणि आजूबाजूला विमान कंपन्यांत काम करणारी बरीच मंडळी असल्यामुळे एक व्यावहारिक बाजू मांडतो, कारण तिच्याशिवाय हा वाद हवेत राहील.

इथल्या मोठ्या विमान कंपन्यांत सगळे काही ज्येष्ठतेवर चालते आणि ती ज्येष्ठता वयावर किंवा कौशल्यावर ठरत नाही, कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. कोणते विमान, कोणता तळ, दिवाळीला किंवा ख्रिसमसला घरी की हॉटेलात, मंदीत आधी कोणाला घरी बसवायचे, हे सगळे त्या एका क्रमांकावर. २००७ च्या अखेरीस निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले, पण वरची मर्यादा ठरलेलीच आहे. म्हणजे जो ३४ व्या वर्षी रुजू होतो तो ३१ वर्षे त्या यादीत वर सरकतो आणि जो २० वर्षांची नियमित सेवा पुरी करून बेचाळिशीनंतर येतो, तो आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान कप्तानाच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसतो. त्यात २००९ च्या बफेलोजवळच्या कोलगन अपघातानंतर, ज्यात ५० जण गेले, नागरी सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट आली. सैनिकी वैमानिकाला मात्र ७५० तासांवर मर्यादित परवाना मिळतो. साहजिकच कंपन्या त्याच्याकडे डोळे लावून बसतात. २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत ३४ टक्के पगारवाढीचा करार केला आणि युनायटेड, अमेरिकन त्याच वाटेने गेल्या. वैमानिकाने थांबावे म्हणून हवाई दल देते तो बोनस, कायद्याने वाढवलेली वर्षाला ५०,००० डॉलरची कमाल रक्कम धरली तरी, एका वर्षाच्या ज्येष्ठतेची भरपाई करत नाही.

तेव्हा स्पष्टवक्ते साहेब, तो मेजर दहा वर्षांनी थांबणारच नाही, हे आधी गृहीत धरा. त्याच्यासमोर निवड ‘स्क्वॉड्रन की राखीव दल’ अशी नसते. निवड असते ‘विमान कंपनी आणि राखीव दल’ की ‘नुसती विमान कंपनी’. राखीव दलात राहिला तर वर्षे मोजली जाऊन साधारण साठीला निवृत्तिवेतन मिळते, आरोग्य विमा स्वस्तात मिळतो आणि १९९४ च्या कायद्यामुळे लष्करी कामासाठी रजा घेतली तरी कंपनीतला क्रमांक जात नाही. तो राहतो ते याच हिशेबाने. देशप्रेम त्यात नाही असे नव्हे, पण ते एकटे नाही.

ताळेबंद

डॅलसकरांचा मुद्दा २०२० ने सिद्धच केला. साथीत कंपन्यांनी भरती थांबवली आणि हवाई दल सोडून जाणाऱ्यांची संख्या खाली आली. छावणीतले जीवन त्या वर्षी अचानक गोड झाले नव्हते.

पण मला खटकते ते वेगळेच. एकाच माणसाला दोन वह्यांत लिहिले जाते आहे. मोठ्या प्रसंगी अमेरिकी सैन्य नागरी कंपन्यांची विमानेही मागवते. त्या व्यवस्थेला सिव्हिल रिझर्व्ह एअर फ्लीट म्हणतात. ती आखाती युद्धात १९९०-९१ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली, मग २००३ मध्ये, आणि तिसऱ्यांदा ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून लोक बाहेर काढताना, तेव्हा सहा कंपन्यांची मिळून १८ विमाने घेतली होती. आता त्याच आठवड्यात सी-१७ ही लष्करी वाहतूक विमाने चालवण्यासाठी राखीव वैमानिकांनाही हाक गेली, तर ते येणार कुठून? त्याच कंपन्यांच्या कॉकपिटमधून. काबूलसारख्या पंधरवड्याच्या कामात हे निभावते. प्रशांत महासागरात महिनोन् महिने चालणाऱ्या युद्धात निभावेल का, याचे उत्तर ‘राखीव दलात तो आहेच की’ असे देता येत नाही. नभांगण यांच्या ‘गुंतवणूक वाचते’ या विधानातून इतकी वजाबाकी तरी करावीच लागेल.

सातारकर

थोडे अवांतर, तरी विषयाला धरून. आपल्याकडे हा पर्यायच नाही. अल्पकालीन सेवेचा वैमानिक १४ वर्षांनी बाहेर पडतो, कायमस्वरूपी अधिकाऱ्याला मुदतीआधी सुटका मिळवताना नाकी नऊ येतात, आणि एकदा बाहेर पडल्यावर महिन्यातून दोन दिवस लढाऊ विमान उडवण्याची सोय कुठेही नाही. असे नेहमीच नव्हते. राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदा १९५२ सालचा आहे, पन्नाशीच्या दशकात सहायक स्क्वॉड्रन उभ्याही राहिल्या होत्या आणि त्यांतली एक मुंबईची होती. पुढे त्या नियमित दलात मिसळल्या गेल्या. तेव्हा अमेरिकेतल्या व्यवस्थेला नावे ठेवताना, ती मुळात आहे याचा थोडा हेवाही वाटतो.

नभांगण (धागालेखक)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. ताळेबंद, दोन वह्यांचा आक्षेप वजनदार आहे. मात्र विमान देणाऱ्या कंपनीने दर विमानामागे किमान चार पूर्ण चमू राखावेत अशी अट त्या व्यवस्थेत असते, म्हणजे ही अडचण कोणाच्या लक्षात आलेली नाही असे नाही. शिवाय तो आक्षेप वाहतूक विमानांना जितका लागू होतो तितका लढाऊ विमानांना होत नाही, कारण एफ-१६ चे काम कोणतीही विमान कंपनी करत नाही.

स्पष्टवक्ते यांच्या मंगळवारच्या खोलीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. शिकवणारा नियमित स्क्वॉड्रनमध्येच बसला पाहिजे, हे आपण गृहीत का धरतो? शिकणाऱ्याला त्याच्याकडे का पाठवू नये? हे कल्पनेतले नाही. व्हरमाँटच्या गार्डच्या १५८ व्या विंगला २०१९ मध्ये गार्डमधली पहिली एफ-३५ विमाने मिळाली आणि तिथे नियमित दलाची ३१५ वी फायटर स्क्वॉड्रन त्यांच्यासोबत काम करते. साउथ कॅरोलायनातल्या मॅकएंटायर तळावर ३१६ वी तशीच आहे. विमाने गार्डची, पण नियमित दलाचे तरुण वैमानिक त्यांच्यात मिसळून उडतात आणि ज्याने त्या एकाच तळावर कारकीर्द घालवली आहे अशा माणसाकडून शिकतात. दुसरीकडे, टेक्सासमधल्या रँडॉल्फ तळावर मुख्यालय असलेला ३४० वा प्रशिक्षण गट राखीव प्रशिक्षकांचाच आहे आणि अगदी नव्या उमेदवारांना टी-६, टी-३८ या प्रशिक्षण विमानांवर बसवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. वैमानिक गेला म्हणजे त्याचे ज्ञान गेले, असे तेव्हाच होते जेव्हा नियमित दल त्याच्यामागे आपली मुले पाठवत नाही. म्हणून पॅलेस चेसचे अर्ज अडवून ठेवण्यापेक्षा अशा संयुक्त स्क्वॉड्रन वाढवाव्यात, इतकेच माझे म्हणणे आहे. अडवलेला माणूस करार संपेपर्यंत राहतो हे खरे, पण त्यानंतर तो राखीव दलाचे दारही ठोठावत नाही.

स्पष्टवक्ता

टी-३८ वर चोविशीतल्या मुलाला उतरायला शिकवणे आणि एफ-१६ च्या चौकडीचे नेतृत्व शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यामुळे ३४० व्या गटाचे उदाहरण मी बाजूला ठेवतो. व्हरमाँट आणि मॅकएंटायर मात्र मान्य. तशा पंचवीस जागा दाखवा, मी आपल्या बाजूला येतो.

अडचण अशी की, गार्डची विमाने वाढण्याऐवजी काही ठिकाणी जात आहेत. मेरीलँडच्या गार्डची ए-१० विमाने २०२५ मध्ये निवृत्त झाली, बदल्यात नवी विमाने आली नाहीत आणि त्या विंगला सायबर काम देण्यात आले. राज्याच्या गव्हर्नरांनी विरोध केला, तरी निर्णय फिरला नाही. एखादा मेजर पॅलेस चेस घेऊन, तिप्पट वर्षांचा करार करून बाल्टिमोरला गेला असता तर त्याच्या हाती आज कळफलक असता. आपल्या योजनेत ज्या तळावर मुलांना पाठवायचे, त्या तळावर दहा वर्षांनी धावपट्टीवर काय उभे असेल, हे आधी कोणीतरी लेखी द्यायला हवे. ते वॉशिंग्टनमध्ये कोणी देईल असे आपल्याला वाटते का?