'परीक्षक मंडळ' स्पॅनिशमध्ये: हुरादो, त्रिबुनाल की कोमिते?

शब्दवेल्हाळ: एका संस्थेचं माहितीपत्रक स्पॅनिशमध्ये करतेय, वाचक स्पेनमधले. त्यात निबंध स्पर्धेचं परीक्षक मंडळ, पीएचडीच्या तोंडी परीक्षेची समिती आणि संस्थेची कार्यकारिणी असे तीन गट आहेत. यंत्रानं तिन्हींना 'कोमिते' ठोकून दिलंय. चालेल का?

दुभाष्या: नाही चालणार. स्पर्धेला 'हुरादो'च. त्यांचा निकाल म्हणजे 'फायो', म्हणून 'एल फायो देल हुरादो' असं लिहा. (फायो म्हणजे चूकही, हरलेल्यांची सोय झाली!) पीएचडीला स्पेनमध्ये 'त्रिबुनाल'. त्यात अध्यक्ष, सचिव आणि बाकीचे 'वोकाल'. सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेचं मंडळही त्रिबुनालच. कार्यकारिणीला 'हुन्ता दिरेक्तिवा'. कंपनीचं संचालक मंडळ असतं तर 'कोन्सेहो दे आद्मिनिस्त्रासिओन'. नेमून दिलेल्या कामापुरती समिती असेल तर बहुतेकदा 'कोमिसिओन'.

कायद्याचं_बोला: त्रिबुनाल म्हटलं की कोर्ट आठवतं, पण तिथंही फरक आहे. स्पेनमध्ये 2025 च्या न्यायालयीन सुधारणेपर्यंत एकच न्यायाधीश बसायचा ते 'हुस्गादो', अनेक न्यायाधीशांचं ते 'त्रिबुनाल'. आणि हुरादो-त्रिबुनाल हे परस्परविरोधी शब्द समजू नका. स्पेनच्या 1995 च्या कायद्यातल्या ज्युरी न्यायालयाचं नावच 'त्रिबुनाल देल हुरादो' आहे: 9 सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी 1 न्यायाधीश. आरोपीविरुद्धची बाब सिद्ध मानायला 9 पैकी 7 मतं लागतात, त्याच्या बाजूची असेल तर 5 पुरतात. नागरिक देतात तो 'वेरेदिक्तो', त्यावरून न्यायाधीश लिहितो ती 'सेन्तेन्सिआ'. भाषांतरात या दोन्हींना सरसकट 'निकाल' केलं की घोळ होतो.

पत्रक पुढं लॅटिन अमेरिकेत जाणार असेल तर पीएचडीचा शब्द बदला. अर्जेंटिनात पीएचडीच्या समितीलाही 'हुरादो' म्हणतात, मेक्सिकोत परीक्षकांना 'सिनोदालेस'.

व्याकरणखोर: दोन खड्डे राहिले. 'हुरादो' म्हणजे अख्खं मंडळही आणि त्यातला एक सभासदही. त्यामुळं 'लोस हुरादोस' वाचून अनेक मंडळं की अनेक परीक्षक, कळत नाही. माणसं म्हणायची असतील तर 'मिएम्ब्रोस देल हुरादो' लिहा. मंडळ कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी: 'एल हुरादो देसिदिओ'. मराठीत 'परीक्षकांनी ठरवलं' म्हणायची सवय असते, म्हणून हात आपोआप अनेकवचनाकडे वळतो.

दुसरं म्हणजे 'कोन्सेहो' दोन आहेत. 'एस'चं स्पेलिंग असलेलं म्हणजे सल्ला किंवा परिषद (मंत्रिमंडळ म्हणजे 'कोन्सेहो दे मिनिस्त्रोस'), 'सी'चं असलेलं म्हणजे नगरपालिका. नगरसेवक 'सी'नं लिहायचा, 'कोन्सेहाल'. माद्रिदकडं हा 'सी' 'थ'सारखा उच्चारतात, म्हणून कानाला फरक कळतो. लॅटिन अमेरिकेत दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्राला दोन्ही बरोबर वाटतात. तेवढं स्वतःच्या डोळ्यानं तपासा.

शब्दवेल्हाळ: आभार! क्रीडा स्पर्धेचे पंचही आहेत एका पानावर. तेही हुरादो?

दुभाष्या: खेळ कोणता? फुटबॉलला 'आर्बित्रो'. जिम्नॅस्टिक्समध्ये गुण देणारे 'हुएसेस'.