लॅपटॉप : स्वस्तात भागलं की महागात पडलं? अनुभव लिहा

जळगावकर
मुलगी यंदा इंजिनिअरिंगला. बजेट ४५ हजार, फार तर ५० पर्यंत जाईन. दुकानदार ३२ हजारांचाही दाखवतोय, म्हणतो 'काय फरक नाही भो'. तुमचा किती वर्षं चालला, कुठे मोडला, दुरुस्तीला किती हेलपाटे पडले ते लिहा. नुसती मॉडेलं नकोत.

भुसावळ जंक्शन
२०१९ला सेलमध्ये २४ हजारांना घेतला. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून चहा ठेवायचा, पिऊन होईपर्यंत स्क्रीन यायची. तेही सोसलं. दीड वर्षाने झाकण उघडताना कट्ट वाजलं. बिजागरी धडधाकट होती, पण तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लॅस्टिकमधून उपटून आले होते. वॉरंटी संपलेली. गल्लीतल्या पोराने एम-सील थापून दिलं, तेव्हापासून लॅपटॉप मिटतच नाही. आजी जाता-येता म्हणते, "सस्तं लिधं ना, आते भोग!"

धुळ्याची बाई
माझं उलट. ६८ हजारांचा, पातळ, देखणा. रॅम ८ जीबी, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. हे घेताना कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वरची खोली पत्र्याची. मे महिन्यात दुपारी पंखा घरघरायचा आणि मशीन रांगायचं. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. शेवटी खोलला तर पंख्यात कापसाच्या तंतूंची वातच वळलेली! घरामागे जिनिंग आहे. साफसफाई, नवी थर्मल पेस्ट, सहाशे रुपये, आणि गडी पुन्हा पळायला लागला.

शहादा
मी सेकंडहँड थिंकपॅड टी४८० घेतला. २०१८चं मॉडेल, आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. एक बॅटरी आत, एक बाहेरून निघणारी. लाइट गेली तरी काम थांबत नाही. मित्राने चार हजार वाचवून सातव्या जनरेशनचा घेतला. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. आता विंडोजऐवजी लिनक्स वापरतो, खूश आहे, फक्त टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लागलं की माझ्या दारात.

अमळनेर, दुरुस्तीवाला
माझ्याकडे येतात ते बिजागऱ्या, चार्जिंग पिन आणि सांडलेला चहा. चहा साध्या वॉरंटीत बसत नाही, भांडू नका. दादा, दुकानात तीन गोष्टी करा. झाकण एका हाताने उघडा. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी जड आहे, उद्या तोच ताण प्लॅस्टिकवर येणार. रॅमचा रिकामा स्लॉट आहे का विचारा. आणि वॉरंटी ऑनसाइट (माणूस घरी येतो) की कॅरी-इन (आपणच सेंटरला न्यायचा)? ऑनसाइट म्हणाले तर आपल्या पिनकोडला माणूस येतो का, तेही विचारा. पुष्कळदा तिथेच गाडी अडते.

जळगावकर
काल गेलो होतो. मुलीने ओळीने सगळी झाकणं उघडून बघितली. ३२ हजारांचा टेबलावरून अख्खाच उचलला गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही हात लावा ना." ४७ हजारांच्यात स्लॉट रिकामा आहे, पण वॉरंटी कॅरी-इन. ऑनसाइटचे वेगळे पैसे किती, ते सोमवारी सांगतो म्हणालाय.